हात लागलेला वजीर

मला बुद्धिबळ येत नाही. म्हणजे घोडा अडीच घरं जातो, उंट तिरका जातो, एवढं येतं; पण आठव्या-दहाव्या चालीला मला कंटाळा येतो आणि मी वजीर घेऊन समोरच्याच्या अंगावर धावून जाते. तरीही संगणकावरच्या बुद्धिबळाच्या अकरा प्रोग्रॅमबद्दल मी तासभर बोलू शकते. कुठल्यात पट कसा दिसतो, सोंगटी ओढत न्यायची की नुसती टिचकी मारायची, चाल मागे घ्यायचं बटण कुठे दडवलंय, हरल्यावर यंत्र काय बोलतं, सगळं तोंडपाठ. नवरा म्हणतो, हिला स्वतःला धड आमटी जमत नाही, पण दुसऱ्याच्या आमटीत मीठ कमी पडलं तर पहिल्या घोटात कळतं.

त्याचं म्हणणं खोटं नाही. कुपवाडला पंपाचे सुटे भाग करणाऱ्या एका कारखान्यात मी बावीस वर्षं तपासणी खात्यात आहे. समोर आलेला भाग मापाचं गेज लावून बघायचा आणि त्यावर तीनपैकी एक शिक्का मारायचा: पास, रिवर्क, रिजेक्ट. चुका काढण्याचा मला पगार मिळतो आणि ती सवय घरी येताना गेटवर ठेवून यावी असं मला कधी वाटलं नाही. सांगलीत आमच्या गल्लीत माझ्याशी बोलताना लोक जरा जपून बोलतात. मला त्याचं वाईट वाटत नाही.

हे बुद्धिबळाचं प्रकरण सुरू झालं ते माझ्या वडिलांमुळे. त्यांना आम्ही आण्णा म्हणतो. आण्णा मूळचे माणदेशातले. माझे आजोबा मेंढरं घेऊन वर्षातले सहा-आठ महिने फिरत असत. आण्णा त्या फिरतीतून सुटले ते थेट फौजेत गेले. सिग्नलमध्ये होते, म्हणजे निरोप पाठवायचे आणि घ्यायचे. बुद्धिबळ तिथेच एका हवालदाराकडून शिकले. निवृत्तीनंतर साताऱ्यात दोन खोल्यांचं घर बांधलं आणि आई गेल्यानंतरही तिथेच एकटे राहिले. स्वतःची भाकरी स्वतः थापायची, सकाळी टेकडीवरच्या चार भिंतीपर्यंत चढून यायचं, आणि दुपारी शेजारच्या निवृत्त पोस्टमास्तरांबरोबर लाकडी पटावर एक डाव. असा त्यांचा दिवस होता. वय ऐंशीला टेकलं तरी यात काही बदल झाला नाही. मग पोस्टमास्तर गेले.

ते गेल्यावर पट कपाटावर गेला. आण्णा दुपारी नुसते बसून राहू लागले. माझा धाकटा भाऊ कराडला इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवतो. त्याने आण्णांना एक टॅबलेट आणून दिला आणि त्यात बुद्धिबळाचा प्रोग्रॅम घालून दिला. आता जोडीदार लागत नाही, यंत्रच खेळतं, असं त्याने समजावलं. आण्णांनी तो टॅबलेट उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाले, बघू.

पहिला प्रोग्रॅम दिसायला देखणा होता. शिसवी पट, सोंगट्यांवर चकाकी, प्रत्येक सोंगटीची सावली पडायची. पण त्या चकाकीत उंट कुठला आणि प्यादं कुठलं ते आण्णांना समजेना. त्यात बोट जरा घसरलं की अख्खा पट गरकन फिरायचा आणि आपण एकदम शत्रूच्या बाजूला जाऊन बसायचो. आण्णांनी फोन करून मला सांगितलं की हा पट नसून भोवरा आहे. भाऊ कॉलेजच्या परीक्षांत होता, तेव्हा दुसरा प्रोग्रॅम शोधायचं काम मी अंगावर घेतलं. खरं सांगायचं तर मला ते हवंच होतं. एखादी वस्तू दहा प्रकारांत मिळते म्हटलं की मला दहाही तपासून पाहिल्याशिवाय चैन पडत नाही. प्रेशर कुकर घेतला तेव्हाही मी सांगलीतली सहा दुकानं पालथी घातली होती.

एक वही केली. रकाने आखले: दिसणं, स्पर्श, आवाज, बोलणं आणि लुडबुड. लुडबुड हा रकाना मी दुसऱ्या प्रोग्रॅमनंतर वाढवला. त्या प्रोग्रॅममध्ये चष्मा लावलेलं एक घुबड कोपऱ्यात बसलेलं असायचं आणि प्रत्येक चालीला पंख हलवून शाबासकी द्यायचं. आण्णांनी तीन दिवस ते घुबड सहन केलं. चौथ्या दिवशी म्हणाले, मी पंचावन्न वर्षं खेळतोय, मला एका पाखराची शाबासकी नको. रिजेक्ट.

तिसऱ्यात पटाच्या डाव्या बाजूला एक उभी पट्टी होती. पांढरं वर सरकलं की पांढरा जिंकतोय, काळं वर आलं की काळा. पुष्कळ लोकांना ही सोय वाटत असेल. आण्णांच्या मते मागे उभं राहून कानात कुजबुजणाऱ्या माणसात आणि या पट्टीत काही फरक नव्हता. बघ्याने बोलायचं नसतं. त्यांनी पट्टीवर जखमेला लावायची चिकटपट्टी लावून टाकली. पुढच्या वेळी मी गेले तेव्हा टॅबलेटला लागलंय की काय असं वाटलं.

चौथ्यात सोंगटीला बोट लावलं की ती जिथे जिथे जाऊ शकते तिथे हिरवे ठिपके उमटायचे. तेही आण्णांना नको होतं. पाचव्यात आवाज फार. प्यादं मारलं तरी तलवारी खणखणायच्या आणि हत्ती मारला की चक्क हत्ती ओरडायचा. सहाव्यात मध्येच जाहिरात यायची, गुडघेदुखीच्या तेलाची. सातवा बरा होता, पण घड्याळ बंद करायची सोय मला सापडली नाही. आठव्याचं मी वहीत एका ओळीत संपवलं. तो मुळात डोळ्यांनी दिसत नाही अशांसाठी कुणीतरी केलेला होता. पट नीटसा नाहीच, नुसती इंग्रजी अक्षरं आठ ओळींत मांडलेली. चाल कीबोर्डवर लिहायची, ई-दोन ई-चार अशी, म्हणजे कुठल्या घरातून कुठल्या घरात, आणि एंटर दाबायचं. मी शेरा मारला: दिसणं शून्य, रिजेक्ट. नववा-दहावा पाचव्या-सहाव्याच्याच जातीचे. अकरावा मला सगळ्यांत आवडला. सपाट, स्वच्छ, मोठी घरं, ठिपके बंद होतात, पट्टी बंद होते, कुणी बोलत नाही. साताऱ्याला जाऊन तो मी आण्णांच्या टॅबलेटवर घातला, पातळी मधली ठेवली आणि वहीत त्या ओळीपुढे पासचा शिक्का मारल्यासारखं मोठ्या अक्षरांत पास लिहिलं. घरी परत येताना एसटीत मी स्वतःवर भलतीच खूश होते.

त्या अकराव्यात एक सोय अशी होती की झालेला प्रत्येक डाव साठवला जायचा आणि त्याखाली तपासणीचा अहवाल यायचा. चांगल्या चालीला हिरवी खूण, बऱ्या चालीला पिवळी, आणि घोडचुकीला लाल रंगात दोन प्रश्नचिन्हं. खातं भावाच्या नावाने काढलं होतं, म्हणून ते डाव कराडला त्याच्या फोनवरही दिसायचे. ते मला माहीत होतं आणि मला ते चांगलंच वाटलं होतं. म्हातारा माणूस एकटा राहतो. रोज दुपारी डाव पडला म्हणजे माणूस ठीक आहे, एवढं तरी कळतं.

सुरुवातीचे दोनेक महिने सगळं सुरळीत होतं. आण्णा जिंकायचे, कधी हरायचे. मग लाल खुणा वाढायला लागल्या. भाऊ मला ते डाव पाठवायचा. मला खेळ कळत नसला तरी लाल रंग कळतो. कुठे मारला जाणारा हत्ती तसाच सोडलेला, कुठे वजीर नेऊन सरळ प्याद्याच्या तोंडी दिलेला. भाऊ चांगला खेळतो, आण्णांनीच त्याला शिकवलंय. तो म्हणाला की या हरणाऱ्या माणसाच्या चुकाच नाहीत, या खेळ विसरलेल्या माणसाच्या चुका आहेत.

त्याच सुमाराला आण्णांचं दूध एकदा उतू जाऊन पातेलं करपलं. शेजारणीने वास आला म्हणून दार वाजवलं. हे तिने भावाला फोन करून सांगितलं. माझ्या स्वतःच्या घरी महिन्यातून दोनदा दूध उतू जातं आणि मला कुणी कुठे हलवत नाही. पण ऐंशीच्या माणसाला तेवढं माप लागू होत नाही. एक दिवस भावाचा फोन आला. आण्णांना आता एकटं ठेवायचं नाही, कराडला आणायचं, सातारचं घर बंद करायचं. त्याच्या बायकोने खालची खोली रिकामी केली होती, न्हाणीघरात धरायला दांडा बसवला होता. माझा भाऊ वाईट नाही. जो मुलगा बापासाठी न्हाणीघरात दांडा बसवतो तो वाईट कसा असेल? मी म्हटलं की आण्णांचा जीव सातारच्या घरात आहे, तिथून उचललं तर ते महिन्याभरात वाळतील. त्यावर तो म्हणाला:

"ताई, ज्या माणसाला आपला वजीर समोरच्या प्याद्याच्या तोंडात जातोय हे दिसत नाही, त्याला गॅस चालू राहिलेला दिसेल का? तूच सांग."

मी काय सांगणार? अहवाल माझ्याच पास केलेल्या प्रोग्रॅमचा होता. येत्या रविवारी तो गाडी घेऊन साताऱ्याला येणार, आण्णांशी बोलणार आणि जमलं तर त्याच दिवशी घेऊन जाणार असं ठरलं. मी म्हटलं, ठीक आहे, मीही येते. फोन ठेवला आणि मला रडू आलं. मग नेहमीप्रमाणे राग आला, पण कुणावर ते ठरेना.

रविवारच्या आधी मी दोन दिवस रजा टाकून शुक्रवारीच साताऱ्याला गेले. आण्णांना काही सांगितलं नाही. कपडे आवरायला मदत करावी लागेल एवढाच विचार होता. पोचले तेव्हा ते दाराशी वर्तमानपत्र वाचत होते. मला पाहून त्यांनी चहा केला, दूध ओट्यावर उभं राहून तापवलं, गॅस बंद करून परत एकदा हाताने बटण चाचपून पाहिलं. माझी विचारपूस केली, कारखान्यातली नवीन मशिनं आली का ते विचारलं. ते मी मागे एकदाच बोलले होते. विसरलेल्या माणसासारखं मला त्यात काही दिसलं नाही. पण मी लेक आहे, मला दिसणार नाहीच, असंही वाटलं.

दुपारी त्यांनी टॅबलेट काढला आणि डाव लावला. मी शेजारी बसले. आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की इतक्या महिन्यांत त्यांना यावर खेळताना मी एकदाही शेजारी बसून पाहिलं नव्हतं. अकराच्या अकरा प्रोग्रॅम मी सांगलीला माझ्या टेबलावर, माझ्या बोटाने तपासले होते.

आण्णांचा उजवा हात थरथरतो. ते आम्हा सगळ्यांना माहीत आहे. डॉक्टरांनी वयाची थरथर म्हणून गोळी दिली आहे. अलीकडे ती वाढलीय, हे मात्र मला त्या दुपारीच दिसलं. लाकडी पटावर कधी अडचण आली नाही, कारण आण्णा सोंगटी अख्खी मुठीत धरतात आणि मूठ आवळली की थरथर थांबते. टॅबलेटवर मूठ चालत नाही. तिथे बोटाचं टोक हवं, आणि ते अधांतरी धरलं की दाभणासारखं खालीवर होतं.

पंधरा-सोळा चाली झाल्या होत्या. आण्णांच्या घोड्यावर काळ्या प्याद्याचा मारा होता, एवढं मलाही दिसत होतं. घोडा हलवायला हवा होता. आण्णांनी बोट घोड्याकडे नेलं, बोट थरथरलं, खाली घसरलं आणि घोड्याच्या खालच्या घरात उभ्या असलेल्या वजिराला लागलं. वजीर उजळला. आण्णांनी हात मागे घेतला. मला वाटलं आता दुसरीकडे बोट लावतील. दुसरीकडे लावलं की पहिली सोंगटी सुटते, हे मी त्यांना स्वतः दाखवलं होतं. पण ते बघत बसले. पुरी दोन-तीन मिनिटं. मग दुसऱ्या हाताने उजवं मनगट धरून त्यांनी वजीर एक घर बाजूला सरकवला. पुढच्या चालीला यंत्राने घोडा खाल्ला.

मी म्हटलं, आण्णा, तुम्हाला घोडा हलवायचा होता ना? हो म्हणाले. मग वजीर का हलवला? त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू मी फौजेतली नवीन भरती आहे.

"हात लागला न्हवं वजिराला," ते म्हणाले. "हात लागला की खेळायचा."

आता हा नियम मलाही माहीत आहे. साताऱ्यापासून सांगलीपर्यंत जे जे बुद्धिबळ बापाकडून, मामाकडून नाहीतर पारावरच्या म्हाताऱ्याकडून शिकलेत त्यांना सगळ्यांत आधी हाच शिकवतात, सोंगट्यांच्या चाली नंतर. सोंगटी नुसती घरात नीट ठेवायची असेल तर आधी तोंडाने 'नीट करतो' असं म्हणायचं आणि मगच हात लावायचा. न बोलता लावलात तर खेळा. आमच्या घरात तर यावरून मी लहानपणी जेवणावरून उठलेली आहे. पण काचेवर बोट घसरणं आणि सोंगटीला हात लावणं या दोन गोष्टी एकच, असं कुणी धरून चालेल हे माझ्या अकरा प्रोग्रॅमच्या पाच रकान्यांत कुठेच नव्हतं. अकरापैकी एकाही प्रोग्रॅमला 'नीट करतो' म्हणायची जागा नव्हती.

मी समजावून पाहिलं. म्हटलं, आवं आण्णा, ते यंत्र आहे, त्याला काही वाटत नाही, ते सोडतं. चाल मागे घ्यायचं बटणसुद्धा दिलंय खाली. ते म्हणाले की बटण त्यांनी पाहिलंय. मग मीच मागचे डाव उघडले आणि प्रत्येक लाल खुणेपाशी त्यांना विचारत गेले. इथे काय करायचं होतं? इथे हत्ती मागे घ्यायचा होता, बोट प्याद्याला लागलं. इथे वजीर एक घर अलीकडे ठेवायचा होता, बोट पुढच्या घरात पडलं; ठेवली सोंगटी, सोडली, झालं. महिन्यामागचे डाव होते ते. आण्णांना प्रत्येक चालीत काय करायचं होतं ते आठवत होतं, आणि भाऊ म्हणत होता की हा माणूस विसरतोय.

कारखान्यात आमचा पहिला धडा असतो: माल सारखा चुकीचा येतोय असं दिसलं तर मशिनवाल्यावर ओरडण्याआधी आपलं गेज तपासा. बावीस वर्षं मी नव्या मुलींना हे शिकवलं. आणि बापाच्या डोक्याला गेज लावताना ते गेज कुणाच्या हातात आहे ते बघितलं नाही. मला त्या दुपारी स्वतःची इतकी लाज वाटली की मी वही पिशवीतून बाहेरसुद्धा काढली नाही.

शनिवारी सकाळी डोकं ठिकाणावर आलं. मला तो आठवा प्रोग्रॅम आठवला, चाल लिहून पाठवायचा. माझा जुना लॅपटॉप मी बरोबर आणला होता. तो आण्णांपुढे ठेवला, पट म्हणून कपाटावरचा लाकडी पट खाली काढून मांडला आणि सांगितलं की सोंगटी पटावर हलवा आणि यंत्राला तेवढं लिहून कळवा. कीबोर्डच्या कडेवर तळहात टेकला की त्यांचा हात स्थिर राहत होता. तरी एखादं बटण चुकायचंच. पहिल्यांदा चुकलं तेव्हा मी श्वास रोखून बघत होते, हा माणूस आता चुकलेलं अक्षरही खेळतो की काय. आण्णांनी शांतपणे ते खोडलं आणि बरोबर लिहिलं.

मी विचारलं, हे चालतं?

"निरोप पाठवायच्या आदी तपासायचा असतूया," ते म्हणाले. "पाठवला की मातूर गेला."

सिग्नलमध्ये उभा जन्म काढलेल्या माणसाला मी हे शिकवायला निघाले होते. शनिवारी ते तीन डाव खेळले. दिसायला शून्य असलेला तो प्रोग्रॅम त्यांना इतका आवडला की जेवायला दोनदा हाक मारावी लागली.

रविवारी दहाच्या सुमाराला भाऊ आला. गाडीची मागची सीट त्याने पाडून ठेवली होती, सामानासाठी. मी त्याला बाहेरच गाठून सगळं सांगितलं. त्याचा विश्वास बसला नाही, आणि त्याच्या जागी मी असते तर माझाही बसला नसता. तो म्हणाला की तुझा तो दुसरा प्रोग्रॅम कच्चा असेल, त्याच्यावर जिंकून काय कळणार? बरोबर होतं त्याचं. तपासायचं तर एका वेळी एकच गोष्ट बदलायची. मी म्हटलं, टॅबलेट तोच ठेव, पातळी तीच ठेव, फक्त बोट तुझं लाव. लॅपटॉपवर मी नुसतं कोरं पान उघडते; आण्णा चाल लिहितील, एंटर दाबतील, ती तू टॅबलेटवर कर आणि यंत्राची चाल त्यांना वाचून दाखव.

तसे आम्ही बसलो. आण्णा लाकडी पटापाशी, लॅपटॉप त्यांच्या मांडीशी, भाऊ समोर टॅबलेट घेऊन, आणि मी दाराला टेकून. काय चाललंय हे आण्णांनी विचारलं नाही. मला वाटलं पोरं आली म्हणून हौसेने खेळतायत. या एका डावावर हे घर ठरणार होतं आणि बिचाऱ्यांना पत्ताच नाही, असं मी मनात म्हणत होते. मधे एकदा आण्णांचा हत्ती अडचणीत आला तेव्हा मी देवाचं नाव घेतलं. एरवी मी घेत नाही. आण्णांनी घोडा मध्ये घालून हत्ती सोडवला. साडेबाराच्या सुमाराला यंत्राच्या राजाला जायला घर उरलं नाही. शेवटची चाल लिहून आण्णांनी एंटर दाबलं आणि चष्मा काढून पुसला.

भाऊ टॅबलेटवर अहवाल बघत राहिला. सगळी हिरवी ओळ, मध्ये दोन पिवळ्या खुणा. लाल एकही नाही. त्याने तो खालून वर, वरून खाली दोनदा बघितला. मग टॅबलेट खाली ठेवला आणि आण्णांना विचारलं की बोट चुकतंय हे आम्हाला एकदा तरी का सांगितलं नाही. त्याचा आवाज जरा चढला होता. तो म्हणाला की तुमचे डाव मला कराडला दिसत होते, त्यावरून आम्ही काय काय समजून बसलो, तुम्हाला कल्पना तरी आहे का?

"हाय की," आण्णा म्हणाले. "तुला दिसत्यात त्ये मला पयल्यापासनं म्हाईत हाय. खालची खोली मोकळी केलीया त्ये बी सूनबाईनं फोनवर सांगितलं हुतं. गाडीची शीट कशापायी पाडलीया त्ये कळतंय मला."

मला आधी त्याचा अर्थच लागेना. म्हणजे त्या सगळ्या दुपारी, बोट घसरून वजिराला लागलं आणि ते दोन-दोन मिनिटं नुसते बघत बसले, तेव्हा त्यांना ठाऊक होतं की ही चाल खेळली तर कराडला लाल खूण उमटणार आणि त्या खुणांवरून आपलं घर जाणार. आणि सोंगटी सोडायला फक्त दुसरीकडे बोट लावायचं होतं.

भाऊ म्हणाला, "मग एक शब्द बोलायचा की आण्णा. आम्ही काय परके हाय?"

"बोललो असतो तर चाल परत मागितल्यागत झालं असतं, लेका."

एवढं बोलून ते सोंगट्या डब्यात भरायला लागले, एकेक मुठीत धरून. मला त्यांचा भयंकर राग आला. असला कसला नियम, ज्याच्यापायी माणूस आपलं राहतं घर पणाला लावतो, आणि तेही बघायला कुणी नसताना? स्वयंपाकघरात जाऊन मी भात लावला आणि ओट्याला धरून रडले.

जेवणं झाल्यावर भावाने अंगणात जाऊन गाडीची सीट सरळ केली. तीनच्या सुमाराला तो एकटाच कराडला परत गेला.